आप्पांसाठी माणूस

सौ. अक्कास,

धाकट्याचा साधाच, पण मनापासून नमस्कार. (आधी साष्टांग लिहिला होता. पण सध्या माझी कंबर लचकली आहे, आणि जे करता येत नाही ते लिहू नये असं मला वाटतं. कंबरेचं कारण पुढे येईल.) तू कशी आहेस, भाऊजींची पाठ कशी आहे, छोटीचा हलणारा दात पडला का, हे सगळं आताच विचारून ठेवतो, कारण एकदा आप्पांचा विषय निघाला की राहून जाईल. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. सर्दी झाली होती ती गेली, म्हणजे गेल्यासारखी वाटते.

तुझं पत्र वाचलं. आप्पांच्या खुब्याचं हाड जुळेपर्यंत त्यांना उठायचं नाही, आणि अंघोळीच्या नावाखाली ते ओला टॉवेल मागून घेतात, मानेवरून फिरवतात आणि झाली म्हणतात. तुला जवळ येऊ देत नाहीत, कारण तू मुलगी. भाऊजींना येऊ देत नाहीत, कारण ते जावई. मी मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा मी नुसती बादली उचलली, तर त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाले, "तू तुझं काम बघ." तुम्ही ठेवलेला माणूस दुसऱ्याच दिवशी पळाला (आप्पा त्याला काय म्हणाले ते तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस). आणि आता त्यांच्या पाठीवर खाली लाल चट्टा दिसतोय. तुझ्या कॉलेजात एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यातला एखादा पाठव, असं तू लिहितेस. अक्का, जन्मभर ज्यांनी शहराची बस चालवली, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसले की जे रिकाम्या जागेवर पायाने ब्रेक दाबत राहायचे, त्यांनी आपलं अंग परक्याच्या हाती द्यावं, असा माणूस शोधायचा म्हणजे सोपं काम नाही. तरी शोधतो आहे.

त्याआधी एक खुलासा. भाऊजी तुमच्या शेजाऱ्यांना सांगतात की मी विद्यापीठात शिकवतो. तसं नाही. मी विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात सरावाच्या खोलीत मदतनीस आहे. सकाळी पलंग आणि बाक पुसतो, चादरींच्या घड्या करून कपाटात लावतो, आणि दुपारी त्याच खोलीत रुग्णसेवकांच्या वर्गाला शिकायला बसतो. (दहावी नापास चालतो. अर्जात मी तसंच लिहिलं, शुद्धलेखन तपासून.) म्हणजे सकाळी जो बाक पुसतो त्याच बाकावर दुपारी बसतो. त्यामुळे बाक स्वच्छ आहे याची निदान खात्री असते. तरी रुमाल अंथरतो.

आमच्या खोलीत काकू आहेत. काकू म्हणजे रबराची, माणसाएवढी बाहुली. सगळ्या मुलामुलींनी अंघोळ घालणं, कूस बदलणं, हे काकूंवरच शिकायचं. गेल्या महिन्यात काकूंच्या खांद्याच्या सांध्यात साबणाचा पांढरा थर दिसला. तो काढायला म्हणून मी हात जरा फिरवला, आणखी जरा फिरवला, आणि तो माझ्या हातात आला. मी काकूंची माफी मागितली. (खोलीत कुणी नव्हतं.) आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झोप तिथे. आज तू काकू. काकू बोलत नाहीत, एवढं लक्षात ठेव."

मी ते लक्षात ठेवलं. मला अंघोळ घालायला पुढे आला तो आमचा पैलवान. (कुस्ती खेळत नाही, फक्त तसा दिसतो. वर्गात माझा जोडीदार तोच.) त्याने पाणी हाताने पाहिलंच नाही. ते गार होतं. मी बोललो नाही. साबण डोळ्यात गेला, मी बोललो नाही. त्याने पडदा लावला नव्हता, त्यामुळे अख्ख्या वर्गाने माझ्या बनियनची भोकं पाहिली, तरी मी बोललो नाही. मला पोत्यासारखा उलटा करून पाठ घासता घासता तो दुसऱ्या मुलाशी कॅन्टीन किती वाजेपर्यंत उघडं असतं यावर बोलत होता. अक्का, मला गार पाण्याचं एवढं वाटलं नाही. पण माझ्या अंगावरून, माझ्या डोक्यावरून दोन माणसं बोलत होती आणि मी मध्ये कुठेच नव्हतो, त्याचं वाटलं. मला एकदम आप्पांची ती हनुवटीपर्यंत ओढलेली चादर दिसली. सिस्टरनी पैलवानाला विचारलं की रुग्णाला एका शब्दाने तरी विचारलंस का. तो म्हणाला, "सिस्टर, काकूंना काय विचारायचं?"

मग सिस्टरनी स्वतः बाह्या वर केल्या. पडदा ओढला. कोपराने पाणी पाहिलं. आता मी तुमचा डावा हात पुसणार आहे, म्हणाल्या, आणि मगच हात उचलला. एका वेळी एवढाच भाग उघडा, बाकी सगळ्या अंगावर चादर. आणि मग त्यांनी जे केलं ते सांगण्यासाठीच मी एवढा लांबून आलो. ओला रुमाल पिळून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तोंड तुमचं तुम्ही पुसा. बाकीचंही जे तुमचं तुम्हाला करायचं असेल ते करा, मी पाठ करून उभी आहे." आणि खरंच पाठ करून उभ्या राहिल्या. मी तोंड पुसलं. मला वाटतं, जरा जास्त वेळ पुसत राहिलो, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं. (साबणाचं असेल.) काकू बोलत नाहीत, म्हणून मी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी मानले.

त्यानंतर मी तुझ्या कामासाठी पैलवानाला विचारलं. तो लगेच तयार झाला, मनाने फार चांगला आहे. पण तो आप्पांना न विचारता उचलेल, आणि आप्पा त्याला दुखऱ्या खुब्यासकट लाथ मारतील. शिवाय तोवर आमची परीक्षा आली, आणि जोडीदाराने जोडीदाराला पलंगावर अंघोळ घालायची ठरली. म्हणजे मी पैलवानाला.

पलंगाच्या चाकांना पायाने दाबायची एक पट्टी असते. एकदा दाबली की चाकं अडकतात, पुन्हा दाबली की सुटतात. मी आल्या आल्या पट्टी दाबली. आणि मग खात्री असावी म्हणून पुन्हा एकदा दाबली. (माझा सगळा स्वभाव या दोन वाक्यांत आला.) पुढे सगळं नीट चाललं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मान डोलवत होत्या. पैलवानाला कुशीवर वळवून मी त्याच्या बरगडीला रुमाल लावला मात्र, त्याला गुदगुल्या झाल्या आणि त्याने भिंतीला पाय मारला. पलंग निघाला. बाकांच्या मधून, परीक्षक बाईंच्या समोरून, उघड्या दारातून थेट व्हरांड्यात, जिथे ग्रंथालयाच्या दारापाशी मुलींची रांग होती. मी बरोबर धावत होतो. पट्टी दाबायला पाय मोकळा नव्हता आणि पलंग धरायला हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही हातांनी मी पैलवानावरची चादर धरून ठेवली होती. आणि काहीही होण्याआधी रुग्णाला सांगायचं असतं, म्हणून मी त्याला सांगितलं की आता पलंग थोडा पुढे जाणार आहे. तोवर पलंग पिण्याच्या पाण्याच्या टाकीला लागून थांबला होता.

पैलवान खाली उतरला नाही. तो म्हणाला, मी उठू न शकणारा रुग्ण आहे, गुण जातील. म्हणून मी त्याला पलंगासकट ढकलत परत आणलं. (कंबर ती इथे.) परीक्षक बाईंनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "पलंग सुटला. चादर सुटली नाही." याचा अर्थ मी तीन प्रकारे लावून पाहिला आहे. निकाल अजून लागलेला नाही.

तोवर तू एवढं कर. लाल चट्टा अजिबात चोळू नकोस, डॉक्टरांना दाखव, आणि त्या जागेवर भार येणार नाही असं आप्पांना कसं वळवायचं ते डॉक्टरांनाच विचार. दर दोन तासांनी वळवायचं. उशी आधी आप्पांना दाखव, मग लाव. आणि रुमाल पिळून त्यांच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा. बघ काय होतं ते.

भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा
धाकटा

ता. क. माणूस मिळाला. खांदे अरुंद आहेत, पैलवानाच्या निम्मा भरेल, पण पाणी कोपराने पाहतो आणि पाठ कर म्हटलं की करतो. आम्हाला सुटी लागली आहे, त्यामुळे त्याला महिनाभर राहता येईल. शनिवारी दुपारच्या गाडीने पोचेल. ओळखायला अडचण नको: नाक थेट तुझ्यासारखं आहे.

दुसरा ता. क. तो तुमची सेवा करायला येतोय, असं आप्पांना चुकूनही सांगू नकोस, ते चादर ओढून घेतील. त्यांना सांग की धाकट्याची परीक्षा अडली आहे. खरा रुग्ण मिळाल्याशिवाय पास करत नाहीत आणि त्याला कुणी अंगाला हात लावू देत नाही. ते आधी म्हणतील, हा कार्टा अजून परीक्षाच देतोय का. म्हणू दे. मग विचारतील, गाडी किती वाजता पोचते. माझ्या गणिताच्या प्रत्येक पेपरला त्यांनी ड्यूटी बदलून घेतली आणि शाळेच्या फाटकासमोर उभे राहिले, हे तू विसरली नसशील. माझी परीक्षा म्हटली की त्यांना नाही म्हणता येत नाही. पण हे तूच सांग. मी खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात आणि ते आप्पांना लगेच दिसतात.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात फलकावर निकाल लागला. मी पास झालो. तुला आनंद होईल म्हणून कळवतो, पण तो मनातच ठेव. आप्पा स्वतःच्या पायांवर चालू लागेपर्यंत मी नापास आहे.