टेपवरची हाक

सुवा, १२ मे १९९१

ती. उनाइसी आत्यास,
इसिकेलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी पत्र लिहीत नाही म्हणून तू मला जे नाव ठेवलंस, ते तोरिका मावशीने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तिची मुलं अजून मला त्याच नावाने हाक मारतात. तेव्हा शिक्षा भोगून झाली असं समज.

उशिराचं कारण सोबतच्या पुडक्यात आहे. ध्वनिमुद्रणाच्या वर्गात सरांनी सांगितलं होतं, शहरातल्या विद्यार्थ्याचा एक दिवस नुसत्या आवाजात पकडून आणा. विद्यापीठाचं यंत्र खांद्याला, कानावर मोठे हेडफोन, अशा थाटात मी कित्येक दिवस हिंडलो. बसथांब्यावर एका बाईने मला टेलिफोन खात्याचा समजून झापलं. मग निवडून, कापून, जोडून हा एक दिवस केला. पत्र्यावरचा पाऊस, मावशीचा खराटा, बसमधल्या हिंदी गाण्यांची नुसती धून, बूटपॉलिशवाल्या पोरांची खोक्यावरची टकटक, वाचनालयातला शिक्का, आणि संध्याकाळी शेजारी प्यायला यंगोनाची मुळं कुटतात तो लोखंडी खलबत्ता. शेवटी अनवाणी पावलं लाकडी जमिनीवरून दूर जातात. सर म्हणाले, असा शेवट त्यांच्या वर्गात आजवर कुणी केला नव्हता.

ही टेप आईला ऐकव. मी कुठे राहतो, कुठून जातो, हे तिने कधी पाहिलेलं नाही. मी पोटभर जेवतो, काळजी नसावी.

लोभ आहेच, तो बोटीत भिजणार नाही एवढं पाहा.

तुझा,
इसिकेली

*

वाइसोमो, कंदावू बेट
२३ मे १९९१

चि. इसिकेलीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले काही मी राखून ठेवले आहेत, का ते खाली कळेल.

तुझी टेप आपल्याच घरात ऐकायचा माझा बेत होता. पण चर्चचा टेपरेकॉर्डर मागायला गेले, तर पाद्रीबाईंनी कारण विचारलं, आणि मी ओटीवर पोचेपर्यंत सगळं गाव सभाघरात चटया टाकून बसलेलं. मोठा कर्णा जोडला. तुझ्या सुव्याचा पाऊस आपल्या कोरड्या सभाघरात इतका जोरात पडला, की दोघी बाहेर धावल्या वाळत घातलेल्या चटया काढायला.

लोकांनी मन लावून ऐकलं हो. खराट्यावरून बायकांनी ठरवलं की तोरिका कोपरे सोडते. बस आली तेव्हा आपेनिसा काकांनी ड्रायव्हरचं नाव सांगितलं आणि त्यावरून भांडण झालं. एवढ्या मोठ्या शहरात कुणीच कसं बोलत नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले की शहरात तसंच असतं, तिथे बोलायला कागद भरून द्यावा लागतो. सगळे हसले. तुझी आई हसली नाही. ती पुढे सरकून कर्ण्याजवळ बसली होती, तू आत असल्यासारखी.

आणि टेप संपली. तेव्हा आई हळूच म्हणाली की याला दिवसभरात कुणी जेवायला बोलावलंच नाही.

अरे, आपल्या दारावरून कोण जातं आणि ये जेवायला ही हाक न घेता जातं? मतं मागायला आलेल्यालासुद्धा आपण ती देतो. तो म्हणतो झालं हो, पोट भरलंय, आणि पुढे जातो. परक्याने झालं म्हणायचं, घरच्याने आलो म्हणायचं, एवढं तर रांगतं पोरही शिकतं. आणि तू, सख्ख्या मावशीच्या घरात, सकाळपासून अंधार पडेपर्यंत? आई उठली आणि घरी गेली. तोरिका तिची बहीण, तिने कुणाकडे बघावं?

मी मात्र बघत बसणारी नाही. या पत्राच्याच बोटीने एक टोपली येते आहे. कसावा, अळूचे कंद, केळीच्या पानात बांधलेला भाजका मासा. टोपलीवर नाव तुझं आहे, तोरिकाचं नाही. कप्तानाला बजावलंय, तोरिकाच्याच हातात दे आणि चार लोक ऐकतील असं सांग, की पोरगं उपाशी राहू नये म्हणून आत्याने पाठवलंय.

माझा लोभ टोपलीत आहे. उरलाच तर पत्रोत्तरी घे.

तुझी,
उनाइसी आत्या

*

सुवा, ३१ मे १९९१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, तू हे काय करून बसलीस!

कप्तानाने तुझा निरोप चार नाही, चाळीस लोकांना ऐकवला. टोपली डोक्यावर घेऊन तो गल्लीभर विचारत आला, की उपाशी पोरगं राहतं ते घर कुठलं. मावशी दारात खराटा घेऊन उभी होती. तिने टोपली घेतली, कप्तानाला चहा दिला, आणि तो घोट घेईपर्यंत हसत राहिली. ते हसू तू बघितलं असतंस तर टोपली परत न्यायला पोहत आली असतीस.

त्या दिवसापासून माझ्या ताटात फक्त टोपलीतलं असायचं. एकाच चटईवर बसून मी वाइसोमोचं जेवायचो आणि बाकीचे सुव्याचं. टोपली संपली त्या दिवशी इथले काका, मावशीचे यजमान, माझ्याजवळ येऊन बसले, बराच वेळ पायाचा अंगठा बघत राहिले, आणि म्हणाले की वसतिगृहात जागा आहे का ते विचारून ठेवायला हरकत नाही. वसतिगृहात जागा नाही, आत्या. या घरातून निघालो तर सरळ बोटीत बसायचं, आणि शिक्षण तिथेच संपलं.

आणि हे सगळं कशावरून? सरांची अट होती की टेपवर माणसाचा शब्द नको. ते म्हणतात, शब्द कानावर आला की आपण ऐकायचं सोडून समजायला लागतो. म्हणून बोलणं होतं तिथे तिथे मी कापलं. मावशीची हाकही त्यातच गेली असणार. ती तर रोजच बोलावते! मूळ टेपा माझ्या खोलीत आहेत. सगळ्या ऐकतो, तिची हाक असलेली काढतो आणि तुला पाठवतो. मग गावाला सांग, काय सांगायचं ते.

लोभ असावा. टोपल्या नसाव्यात.

इसिकेली

*

वाइसोमो, १३ जून १९९१

चि. इसिकेलीस,
आशीर्वाद, यावेळी सगळेच्या सगळे.

ही अट तू पहिल्या पत्रात लिहिली असतीस तर कंदावूचा एक मासा वाचला असता. पण तुझ्यावर ढकलून मी सुटत नाही. चुकले. शाळेत एवढी वर्षं मुलांना शिकवते की आधी पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा, आणि स्वतः मात्र टोपली भरायला धावले. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. विहिरीवर भेटते, घागर भरते, जाते. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते. हे गप्प बसणं फार जड जातं.

आता नीट ऐक. तोरिकाची अब्रू सभाघरात गेली, ती सभाघरातच परत यायला हवी. मी घरोघर जाऊन सांगेन तर लोक मान डोलावतील आणि मी वळले की खराट्याच्या कोपऱ्यांवर येतील. त्यांनी कानांनी ऐकलं होतं, त्यांना कानांनीच ऐकू दे. तेव्हा पूर्ण टेप पाठव. कात्री लावू नकोस. एकदा लावलीस तेवढी पुरे.

सोबत यंगोनाच्या मुळ्यांची जुडी पाठवते आहे. मागच्या उतारावरची, तुझ्या वडिलांनी लावलेली. ती घेऊन रीतीप्रमाणे तोरिकाच्या पायरीखाली बस आणि माझ्या वतीने माफी माग. खरं तर अशा वेळी बोलायला वडीलधारा पुरुष लागतो. आपल्याकडचे दोन आहेत, त्यातल्या एकाला बोट लागते आणि दुसऱ्याला बोलायला लागलं की थांबता येत नाही. तूच जा.

मला आता कुणाचा लोभ मागायला तोंड नाही. तुला सुचेल तेवढा दे.

उनाइसी आत्या

*

सुवा, २१ जून १९९१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मूळ टेपा ऐकल्या.

पहिल्या टेपवर मी परसात आहे. पत्र्यावरून बादलीत थेंब पडताहेत, ते मी धरतोय. आतून मावशी म्हणते की इसिकेली, ये, चहा निवतोय. त्यावर एक आवाज आहे. आधी मला वाटलं भांड्यातली वाफ. पुन्हा लावून ऐकलं. तो मी आहे. मी तिला शूऽ केलंय.

पुढच्या टेपवर ती हळू आवाजात बोलावते, आणि मी पुन्हा शूऽ करतो. त्याच्या पुढच्यावर ती बोलावते आणि लगेच स्वतःच म्हणते की असू दे, असू दे, तुझं चालू दे. आत्या, मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी तेव्हा पाऊस ऐकत होतो.

शेवटच्या टेपवर खलबत्त्याचा आवाज आहे. मावशी दारात येते. माझं नाव घ्यायला सुरुवात करते, इसि एवढंच, आणि थांबते. मी शूऽ केलेलंही नाही. मग ती आत जाते. ती अनवाणी पावलं. सरांनी वाखाणलेला शेवट तो हाच.

म्हणजे आईला बरोबर ऐकू आलं होतं. मला कुणी बोलावत नव्हतं. मला वाटत होतं रोज बोलावते, कारण ताट रोज असायचं.

खोटं कशाला लिहू, पहिली हाक तेवढी कापून पाठवावी असं मनात आलं. शूऽच्या आधी टेप थांबवली की मावशीही निर्दोष आणि मीही. यंत्र समोर होतं, ब्लेड हातात होतं, आणि आता मला ते काम सफाईने येतं. पण तुझं कात्रीचं वाक्य वाचलं होतं, आणि पुन्हा त्या पावलांचा आवाज ऐकवेना. सोबत सगळं आहे, जसंच्या तसं. सभाघरात लाव. आपेनिसा काका मला काय म्हणतील त्याची तयारी केली आहे.

जुडी घेऊन पायरीखाली बसलो. तुझ्या वतीने बोललो, मग म्हणालो की यातली अर्धी मुळं माझी आहेत, आणि का ते सांगितलं. मावशीने खाली येऊन जुडीला हात लावला, रीतीप्रमाणे टाळी वाजवली, माफ केलं म्हणाली. काकांनी वसतिगृहाचा विषय पुन्हा काढलेला नाही. आता चटईवर आम्ही सगळे एकच जेवण जेवतो.

पण हाक नाही. ती ताट वाढते, माझ्या दाराशी येऊन उभी राहते, मी बघेपर्यंत वाट पाहते आणि जाते. माफी तिने दिली आत्या, पण हाक कशी मागायची, त्याची रीत कुणाला विचारू?

लोभ मागायला माझंही तोंड नाही.

इसिकेली

*

वाइसोमो, ४ जुलै १९९१

चि. इसिकेलीस,
आशीर्वाद.

हे पत्र तोरिकाला मोठ्याने वाचून दाखव. माझ्याबद्दल काही वाईट असेल तर तेही वाच, गाळू नकोस.

टेप लावली. तेच सभाघर, तोच कर्णा, माणसं जरा जास्तच, कारण दुसऱ्याची फजिती ऐकायला शेजारच्या गावचेही आले होते. मी उभी राहून सांगितलं की मागच्या वेळी हाका कापल्या होत्या, आज नाहीत. मग बसले.

पाऊस पडला, बादली वाजली, आणि तोरिकाचा आवाज आला. इतकी वर्षं झाली तिला बेट सोडून, पण हाक अगदी वाइसोमोची, शेवट वर चढवणारी. त्यावर तुझं शूऽ. आपेनिसा काकांनी तोंड उघडलं, त्यांच्या बायकोने गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी मिटलं. बाकी कुणी तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यापेक्षा त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं, हे तुला सांगायला नको.

दुसरी हाक आली. तीही रिकामी गेली. आणि मग काय झालं असेल? एवढी माणसं बसलेली, समोरून जेवायला ये अशी हाक येते आहे, आणि उत्तर कुणी देत नाही. आपल्या लोकांना हे सहन होतं का? मागून कुणीतरी कर्ण्याला म्हणालं की झालं हो, पोट भरलंय. मग दुसरा म्हणाला. बघता बघता सगळं सभाघर एका खोक्याला मान झुकवून सांगत होतं, झालं हो तोरिका, झालं, तुम्ही बसा. मीही म्हणाले. हसू येत होतं आणि येत नव्हतं.

तुझी आई तेवढी गप्प होती. शेवटची टेप आली. खलबत्ता, दारात पाऊल, आणि तुझं ते अर्धंच नाव. सगळे थबकले, कारण अर्ध्या हाकेला काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा आई उठून उभी राहिली. झालं असं ती म्हणाली नाही. म्हणाली, आले गं तोरिका. आणि पदर सावरावा तसा कमरेला गुंडाळलेला सुलू सावरून खरंच दोन पावलं कर्ण्याकडे चालत गेली. पलीकडून अनवाणी पावलं दूर जात होती, आणि ही त्यांच्या मागे निघाल्यासारखी.

मग ती घरी आली, माझ्या घरी, आणि म्हणाली की चूल पेटव, भूक लागली आहे.

सगळ्या वाइसोमोचा लोभ यात घातला आहे. पाकीट फाटलं तर पोस्टाला बोल लावू नकोस.

तुझी,
उनाइसी आत्या

*

सुवा, १२ जुलै १९९१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. आई चालत गेली तिथपर्यंत पोचलो, तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचे आवाज येत होते. मी उत्तर लिहायला बसलो. यंत्र विद्यापीठात आहे, कानावर काही नाही. तुला सांगायचं होतं की परीक्षेचं

लोभाचं नंतर लिहितो. हाक आली आहे.