अंबूबाईंच्या बंद केलेल्या आवाजाची व्यवस्था

मी, विजयश्री मुकुंद कुदळे, वय ६९, व्यवसाय माहितीपट व लघुपट निर्मिती, राहणार मोशी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मुलगा क्षितिज याला तरीही शंका असेल, तर त्याने शेवटपर्यंत वाचून मग बोलावे.

१. मोशीचा फ्लॅट व बँकेतील ठेवी क्षितिजला. हे घर कारखान्यांसाठी काढलेल्या फिल्मांवर उभे राहिले: हेल्मेट कसे घालावे, आग कशी विझवावी. माहितीपटांचा खर्चही त्यांनीच भागवला. मला त्याची लाज वाटत नाही.

२. धाकटे दीर शेखर आयुष्यभर "आमच्या शूटिंगवाल्या वहिनी" अशी माझी ओळख करून देत आले. निर्माती म्हणजे नुसती पैसे लावणारी बाई, असेही चारचौघांत सांगत. परवानग्या, गाडी, डबे, धमक्या, सगळे मीच निस्तरले. त्यांना माझा कॅमेऱ्याचा स्टँड द्यावा. नातीच्या लग्नात उपयोगी पडेल.

३. सर्व माहितीपट, त्यांचे हक्क व हार्ड डिस्क माझी संकलक वर्षाली हिला. क्षितिजला नाहीत. कारण पुढे आहे.

४. चाकणच्या एका कारखान्यातील बायकांवर मी माहितीपट काढला. त्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काम केलेल्या अंबूबाई बोलतात. कंपनीने नोटीस धाडली. माहितीपट पडून राहू नये म्हणून मी करार केला: कंपनीचे नाव घ्यायचे नाही, आणि अंबूबाईंचा आवाज पडद्यावरून ऐकवायचा नाही. तेवढा भाग मुका झाला. पण समोर बसलेल्या बाईने बोलू नये, असे करारात नव्हते. म्हणून अंबूबाई प्रत्येक खेळाला येत, तो भाग आला की उठून उभ्या राहत आणि स्वतः बोलत. कंपनीचे वकीलही येऊन ऐकून गेले.

आता दम्यामुळे अंबूबाईंना उभे राहून बोलणे झेपत नाही. क्षितिज म्हणतो, "आई, त्या जागी छान म्युझिक टाकू, मोबाइलवर दाखवणारे लगेच घेतील." तळवड्याच्या आयटी कंपनीत, एसीत बसून त्याला सगळेच छान वाटते. तिथे म्युझिक टाकणाऱ्याला मला शाप द्यायचा होता. वकील मधुवंतीताई म्हणाल्या, शाप कायद्यात बसत नाही. तर वर्षालीने तो भाग मुकाच ठेवावा, आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी उठून कलम ५ मोठ्याने वाचावे. पहिला खेळ माझ्या तेराव्याला, जेवणाआधी. ज्याला उठून जायचे असेल त्याने उपाशी जावे.

५. मृत्युपत्रात काय लिहू नये, हेही करारात नाही. हे मृत्युपत्र मी सरकारदरबारी नोंदवणार आहे. मी गेल्यावर कोणालाही याची नक्कल सरकारी कचेरीतून मागता येते, याची खात्री करून घेतली आहे. सबब अंबूबाईंचे शब्द, जसेच्या तसे:

"प्रेस थांबत न्हाई, आपोआप खाली येतीया, असं मी आदल्या दिशी सायबाला सांगितलं व्हतं. सायेब म्हनला, माल आज द्यायचाय, हात चालव. दुसऱ्या दिशी उजवा हात मनगटापातूर गेला. आन् कागदावर लिवलं, बाईची चूक."

६. अंबूबाई साक्षीदार असल्याने, वकिलांच्या सल्ल्यावरून, त्यांना यातून काही देत नाही. "मला काय बी नगं ताई," त्या म्हणाल्या, "अंगठा कुठं द्यायचा तेवढं सांगा."

ठिकाण: मोशी
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

सही: विजयश्री मुकुंद कुदळे

साक्षीदार:
१. ॲड. मधुवंती गोखले, सही
२. अंबूबाई कोंडाजी शेळके, अंगठा डाव्या हाताचा. उजवा हात का नाही, ते कलम ५ मध्ये आहे.