कठड्यावरचा ओला टॉवेल

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवी खोली. खोली चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची, त्यामुळे दुपारी नुसता तवा. पण गॅलरीकडे खिडकी आहे आणि शेजार बोलका आहे, मला एवढं पुरे. आरोग्यसेविका झाल्यापासून आई मला डॉक्टरच समजते. समजू दे.

काम सोपं आहे. या इमारतीत अकरा म्हातारी माणसं एकटी राहतात. उन्हाळा आता पूर्वीचा राहिला नाही, रात्रीही भिंती निवत नाहीत, आणि अशी माणसं घरातल्या घरात जातात. म्हणून आमच्या मोठ्या बाईंनी युक्ती काढली. प्रत्येकाने सकाळी दहाच्या आत आपल्या दारासमोरच्या कठड्यावर ओला टॉवेल टाकायचा. टॉवेल ओला म्हणजे माणूस ठीक. मी खाली अंगणातून बघायचं आणि वहीत खूण करायची. टॉवेल नसेल तरच वर जायचं, दार उघडवायचं, तब्येत बरी नसेल तर गाडी बोलावून थंड हॉलमध्ये, म्हणजे ऊन लागलेल्यांसाठी बर्फ आणि डॉक्टर ठेवलेत तिथे, न्यायचं. गुडघ्यांची चैन आहे!

बुधवार, ५

अकराच्या अकरा टॉवेल हजर. शेजारच्या मावशींशी गट्टी जमली. जन्मभर शिवणकाम केलं, आता सगळ्या इमारतीची काळजी करतात. तिसऱ्या मजल्यावर घड्याळजी आहेत, घड्याळं दुरुस्त करायचे. सगळ्यांना बजावलं: पाणी पीत राहा, दुपारी बाहेर नको, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसा, आणि घाम थांबला, जीभ जड झाली की लगेच हाक मारा. घड्याळजी म्हणाले, जीभ जड झाल्यावर हाक कोण मारणार गं पोरी? मी खूप हसले.

सोमवार, १०

अकरा टॉवेल. वीज दिवसातून चारदा जाते. तिसऱ्या मजल्यावर उंदीर मेलाय बहुतेक, वास येतो. उद्या कोणाला तरी सांगते.

मंगळवार, ११

उंदीर नव्हता. घड्याळजी.

दार तोडावं लागलं. खिडक्या बंद, आत भट्टी. लंबकाचं घड्याळ मात्र चालू होतं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस झाले असतील. चारही दिवस मी त्यांचा टॉवेल पाहिलाय. ओला होता, पाणी ठिबकत होतं. वहीत चार खुणा आहेत, माझ्या हातच्या.

बुधवार, १२

टॉवेल मावशी टाकत होत्या. रडत रडत कबूल केलं. त्यांच्या धाकट्या बहिणीला गेल्या वर्षी थंड हॉलमध्ये नेलं, ती परत आलीच नाही. तेव्हापासून कोणाचा टॉवेल दिसला नाही की मावशीच भिजवून टाकतात. घड्याळजींचं दार वाजवलं होतं म्हणे. वाटलं, डोळा लागलाय, झोपू दे बिचाऱ्याला.

हॉलमुळे नव्हे, तिथे न्यायला उशीर झाला म्हणून बहीण वाचली नसेल, हे मी समजावलं. पुन्हा करणार नाही म्हणून त्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली. मोठ्या बाईंना मी मावशींचं नाव सांगितलं नाही. या वयात त्यांची अब्रू वेशीला कशाला टांगू? टॉवेल कोणी टाकला ते कळलं नाही, असं लिहून दिलं.

आता दहाही दारं मी रोज वाजवणार.

शुक्रवार, १४

सकाळ-संध्याकाळ जिने. डोकं ठणकतंय. कालपासून वीज नाही. गच्चीला पांढरा चुना लावा, दिवसातून दोनदा दारोदार जायला आणखी माणसं द्या, असं बाईंना सांगितलं. माणसं नाहीत म्हणाल्या. टॉवेलवरच भागवू म्हणाल्या.

शनिवार, १५

उलट्या. पाणी टिकत नाही. बाईंना फोन लागला. उद्या बदलीची मुलगी येईल, माझाही टॉवेल तिच्या यादीत घातलाय. मग फोन बंद पडला. मावशी पाणी ठेवून गेल्या. म्हणाल्या, काही झालं तरी तुला त्या हॉलमध्ये जाऊ देणार नाही. मी मानेनेच नको नको म्हटलं. त्यांना काय कळलं देव जाणे.

रविवार, १६

उठवत नाही. दाराची कडी आतून, रात्री मीच लावलेली. तिथवरही जाववत नाही.

पण सोपं आहे. टॉवेल टाकायचा नाही, बस. दिसला नाही की ती मुलगी वर येईल, दार तोडेल. हॉल. बर्फ. आई.

साडेनऊ — कपाळाला हात लावला. कोरडं. सगळी कोरडी. घाम थांबला की — मीच सांगायचे.

दहाला दहा कमी. नाही टाकला. शहाणी मी.

दार वाजतंय. मावशी. हाक मारली — आवाजच फुटला नाही. जीभ — घड्याळजी खरं

पावलं. खिडकीपाशी थांबल्या. झोपू दे बिचारीला, म्हणाल्या —

कठड्यावर पांढरं काहीतरी. पाणी ठिबकतंय. टप टप

फाटक वाजलं. ती आली. खाली उभी. मोजतेय —

मावशी काढा तो. मी झोपले ना—