फंडातल्या पाटल्या

बाबा, या महिन्यात मी तुमचा नियम मोडला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, रागवायला तुम्ही नाही, तरी चोरासारखं वाटतंय.

तुम्ही जंगल खात्यात बाबू. पगार घरी यायच्या आधीच त्यातून फंड कापला जायचा. तुम्ही त्याला कटौती म्हणायचे, आणि लहानपणी मला वाटायचं, साहेब दर महिन्याला तुम्हाला दंड करतात. शाळेत मी हे कोणाला सांगितलं नाही. काकांना कसली कटौती! ते लाकडाचे ठेकेदार. लिलाव साधला की सराफाकडे जायचे, पावसाळ्यात काम बंद पडलं की तेच सोनं गहाण. एका दिवाळीला चुलत बहीण नव्या पाटल्या घालून आमच्या स्वयंपाकघरात आली. मी चिवड्याचे पोहे निवडतेय, ती मुद्दाम हात हलवून बोलतेय, आणि काका तुम्हाला म्हणतात, "दादा, तुमचा पैसा सरकारजवळ, माहा पोरीच्या हातात!" ते गेल्यावर मी हट्ट धरला, "बाबा, फंडातून मले पण करून द्या ना." तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "फंडाले आजारपणाशिवाय हात लावत नसतेत, बाई. तुले काय झालं? चांगली धडधाकट आहेस."

पुढे मी सरकारी शाळेत मास्तरीण झाले आणि हुबेहूब तुमच्यावर गेले. कटौती स्वतःहून वाढवून घेतली, अंगावर गुंजभर सोनं नाही. यंदा काकांचा ठेका बुडाला. बहिणीनं बापासाठी त्या पाटल्या काढून दिल्या. मी फंडातून उचल काढली आणि सराफापेक्षा जास्त भाव देऊन त्या घेतल्या. काका रडले. "दादाची पोरगी कामी पडली," म्हणाले. मी मान खाली घातली, तर सगळ्यांना तो विनय वाटला. मला फक्त तिचे रिकामे मनगट पाहायचे होते. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, आणि मेल्या त्याही तिला शोभत होत्या.

पाटल्या माझ्या अंगठ्याच्या हाडाशी अडतात. साबण लावूनही पाहिला. हे पत्र त्यांच्याच डबीत घडी करून ठेवते. उचलीच्या अर्जात कारण लिहावं लागतं, बाबा. मी 'आजारपण' लिहिलं. घरात सगळे धडधाकट आहेत.