वय एकवीस दिवस, तक्रार काही नाही

नागपूर, शुक्रवार

आदरणीय धोंडबामामांना मेघाचा सविनय जय भीम.

मी इकडे बरी आहे. तुम्ही आणि सिंधूमामी खाप्याला सुखरूप असाल. मामीला आता वरणभात पचतो, असं आईकडून कळलं, बरं वाटलं. मागच्या वर्षी कॅन्सरसाठी तिच्या पोटाला रेडिएशनचे शेक दिले तेव्हा गाठ गेली, पण आतडी अशी सोलवटली की दोन महिने घोटभर पेजही पोटात ठरत नव्हती. तिच्या उशाशी मी बसायची, म्हणून तर हे संशोधन घेतलं. (आईच्या मते, दुसरी नोकरी मिळाली नाही म्हणून.)

आईने कामठीभर सांगून ठेवलंय की आमची मेघा बशीत आतडी पिकवते. शेजारच्या रुखमाबाई मला विचारतात, "शिजाले किती वेळ लागते वं?" मामा, ते खसखशीएवढे गोळे असतात. माणसाच्या आतड्याचा कण घ्यायचा, त्यातल्या पेशी चिकट थेंबात वाढवायच्या. अर्ध्या गोळ्यांना शेकापासून वाचवेल असं वाटणारं औषध द्यायचं, मग सगळ्यांना शेक द्यायचा आणि औषधवाले तगतात का ते पाहायचं. सांगायला सोपं आहे. पण त्यांना दिवसाआड खाऊ घालावं लागतं. सख्ख्या चुलतभावाच्या हळदीतून मी उठून गेले. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.

शेक द्यायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत नाही. ते एका दवाखान्यात, पेशंट आटोपले की मिळतं. डबा मांडीवर धरून ऑटोतून गेले. यंत्र चालवणारा हर्षित म्हणाला, पेशंटचं नाव घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. नाव लिहिलं, आतडे. वय एकवीस दिवस. तक्रार काही नाही. मग कळलं, एवढ्या लहान पेशंटसाठी पालकाची सही लागते. केली. नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलं. (हे घरी सांगू नका, आईला आधीच माझ्या लग्नाची काळजी आहे.)

चौथ्या दिवशी पाहते तर गोळे जिवंत. प्रयोगशाळेच्या सरांनी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. बर्फी खाता खाता माझ्या लक्षात आलं की औषध न दिलेलेही जिवंत आहेत. हर्षितला फोन केला. तो म्हणाला, "ताई, डबा तर मी उशीवर ठेवला होता. शेक पोटाच्या जागी गेला." म्हणजे आम्ही रिकामं टेबल शेकलं होतं.

दुसऱ्या वेळी डबा मी स्वतः पोटाच्या जागी ठेवला. बिनऔषधाचे शंभरात पंधरा उरले, औषधवाले साठ. मामीची आठवण झाली आणि मी जिन्यात जाऊन रडले. सर म्हणाले, तीनदा असंच आलं तर खरं मानू. तिसऱ्याची तयारी चालू असताना एसीवाला आला, त्याने वर्षाची धूळ थेट गोळे वाढवायच्या आमच्या उबदार कपाटावर झाडली आणि आठवड्यात सगळ्या बशांना बुरशी लागली. नवे गोळे वाढवायला राखलेल्या बियाण्यासकट सगळं गेलं. त्याने वर विचारलं, "मॅडम, थंडा होऊन राहिला ना आता?"

असं चाललंय. तब्येतीला जपा.

तुमची भाची,
मेघा

ता. क. मंगळवारी तुमची इथे दुर्बिणीने पोटाची तपासणी आहे म्हणे. डॉक्टर आतड्याचा तिळाएवढा तुकडा काढणारच आहेत. आणखी एक तीळ मला मिळाला तर बियाणं परत धरेल. फॉर्म सोबत जोडला आहे. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हे लिहिणं मला बंधनकारक आहे.

ता. क. आणखी एक. मामीशी फोनवर बोलले. तिनं विचारलं, "माह्या आतड्याचा नाही चालत काय?" शेक लागलेलं चालत नाही, असं मी सांगितलं. तर म्हणाली, "मंग त्याईचाच घे. मी पाठवतो त्याईले." तेव्हा मामा, येताना सही करूनच या.