तारेत न मावलेला काना

रेवदंडा, मंगळवार, ४ नोव्हेंबर १९५८

आज एका कान्यानं माझी अब्रू घेतली. शेजारच्या हिराबाईचा नवरा गोमा मुंबईच्या इस्पितळात आहे. दुपारी दिराची तार आली. मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी. वाचणारा शहाणा मी. गोमापुढे बी, ए, आर, ए. ऐटीत म्हणालो, "गोमा बारा."

"बारा? बारावं घातलं?" तिचा हात कुंकवाकडे गेला, आणि तिथेच थांबला. "न्हाय. दीर माजा आलशी हाय, पन भाव मेल्यावर बारा दिस गप बसंल येवढा न्हाय. नीट वाचा, भाऊ."

बरा! गोमा बरा! तोंड लपवायला जागा शोधत होतो.

तेव्हापासून डोक्यात तोच काना. तारयंत्राला दोनच सूर येतात, कट्ट आणि कडकट्ट. त्यांच्याच रांगा लावून इंग्रजी अक्षरं होतात. मग आमचे काने जातात कुठे? खाडी ओलांडताना शब्द ते उतरवून ठेवत असतील का? डोळे मिटले की दिसतात, किनाऱ्याला दोरीवर बोंबलांसारखे लटकलेले, वाऱ्यानं हलणारे. आपला कुठला, हे कुणाला ओळखू येणार?

संध्याकाळी हिराबाई म्हणाली, "उत्तर धाडा. लिवा, ये घरा."

कागदावर इंग्रजीत लिहिलं आणि हात अडखळला. तिकडचा शहाणा 'घारा' वाचेल. ते खोडलं, नुसतं 'ये' ठेवलं.


"बास," ती म्हणाली, "येवढ्यावर येल तो."