मांडावरचे सोंग

मुळगाव. माघ शुद्ध षष्ठी, शुक्रवार, सायंकाळ.

इंटरनेटविषयी आजवर जे तुच्छतेने बोललो, ते सर्व मी मागे घेतो.

दुपारी इब्रामपूरहून मेव्हणीचा फोन आला. गावच्या स्त्रियांनी जुन्या धालोंचे चित्रण इंटरनेटवर ठेवले आहे आणि त्यात माझी दिवंगत पत्नी सुमती आहे. धालो हा बायकांचा खेळ. त्याच्या मांडावर, म्हणजे खेळाच्या पवित्र अंगणात, पुरुषांना मज्जाव. दर पौषात माहेरी जाऊन ती तिथे काय करते, हे तिच्या मृत्यूनंतरही मला ठाऊक नव्हते. आता पाहावे का? ते योग्य ठरेल का?

“भावोजी, सगल्या जगान पळयलां. तुमीच तितले उरल्यात!”

फोनवर पाहिले. धालोंच्या शेवटच्या दिवसाची सोंगे होती. माझा काळा कोट घालून, हात मागे बांधून सुमती ताठ चालत आली. ते सोंग माझे होते! बायका हसून हसून लोळत होत्या. आठ महिन्यांपूर्वी जिला अग्नी दिला, ती माझ्या तळहातावर माझीच चाल चालत होती. केवढे हे अद्भुत!

मग माझा आवाज काढून ती म्हणाली, “सुमती, आजची आमटी उत्तम झाली.”

असे मी कधी म्हणालो होतो? एकदाही नाही. चित्रणात मेव्हणी ओरडलीच, “खोटें गो! भावोजी अशें केन्नाच म्हणचे नात!”

सुमतीने कोट सावरला. “मनांत म्हणटात. म्हाका आयकूं येता.”

तेवढे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकतो आहे.